पाठीवरचं अंथरूण

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात जोह्यातल्या कारखान्यांत माणसाला झोपायला जागा नसते. मांडण्यांवर, पडवीत, जिन्याखाली, ताडपत्री लावून वाढवलेल्या मांडवात, जिकडे नजर जाईल तिकडे मूर्ती. त्यांच्यामधून एक पाऊल पडेल एवढीच वाट. रात्री दीड-दोनला रंगाचा हात थांबला की त्याच वाटेवर पथारी पडते. खोक्याचा पुठ्ठा उलगडून जमिनीवर, त्यावर पोतं नाहीतर पॅकिंगच्या फोमचा तुकडा, अंगावर धुवट चादर आणि उशाला रंगाचे डाग पडलेला टॉवेल. पेण तालुक्यातलं जोहे, शेजारचं हमरापूर, कळवे, तांबडशेत हा सगळा पट्टा मूर्तिकामाचा. इथे मूर्तिशाळेला कुणी मूर्तिशाळा म्हणत नाही, कारखाना म्हणतात. आणि सिझनमध्ये कारखान्यात काढलेल्या रात्री इथल्या कितीतरी पोरांनी पाहिल्या आहेत.

या पथारीला एक क्रम असतो, तो कुणी शिकवलेला नसतो. आधी पुठ्ठा, मग फोम, मग माणूस, शेवटी चादर. खाली जाड, वर पातळ. सह्याद्रीत पाठीवर सॅक घेऊन मुक्कामाला निघालेला नवखा ट्रेकर बहुतेक वेळा याच्या बरोबर उलटं करतो. अंगावर घ्यायला हजारो रुपयांची स्लीपिंग बॅग आणि खाली घालायला घरातली जुनी सतरंजी. मध्यरात्री तो कूस बदलत बसतो, सकाळी बॅगेला नावं ठेवतो आणि पुढच्या खेपेला आणखी जाड बॅग घेतो.

समजा, अनंत चतुर्दशी उलटून गेली, कारखाना झाडून झाला, दिवाळीचे कंदील उतरले आणि जोह्यातले दोघे चुलतभाऊ दोन रात्रींसाठी बाहेर पडायला निघाले. थोरला मातीकाम करणारा, धाकटा डोळ्यांची आखणी करणारा. हे दोघे काल्पनिक आहेत, पण त्यांच्या सॅका खऱ्या आहेत. अशा सॅका शुक्रवारी रात्री दादरच्या, पनवेलच्या, पुण्याच्या कुठल्याही एसटी थांब्यावर दिसतात. बेत साधा आहे. हमरापूरला गाडी पकडायची, पेण, कासू, नागोठणे करत रोह्याला उतरायचं, अवचितगड करायचा आणि दुसऱ्या दिवशी पालीकडे वळून सुधागड.

धाकट्याने कुणाकडून तरी स्लीपिंग बॅग आणली आहे. कारखान्यातल्या काट्यावर ती एक किलो आठशे ग्रॅम भरते. थोरल्याने घरातली गोधडी काढली आहे, ती अडीच किलोच्या पुढे जाते.

“दादा, ही शून्य डिग्रीची आहे. लेबल बघ.”

“आणि आपण चाललोय कुठं? रोह्याला.”

या एका उत्तरात निम्मा लेख संपतो. उरलेल्या निम्म्यासाठी त्या लेबलाकडे बघायला हवं.

स्लीपिंग बॅगेवरचा अंश पूर्वी ज्याच्या त्याच्या मर्जीचा असे. एकाची ‘शून्य’ दुसऱ्याची ‘पाच’ निघे. २००२ साली युरोपने ईएन १३५३७ हे मानक आणलं आणि पुढे त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. यात माणसाला झोपवत नाहीत. तापवलेला, जागोजागी संवेदक बसवलेला पुतळा थंड खोलीत बॅगेत ठेवतात आणि त्याची उष्णता किती वेगाने जाते ते मोजतात. त्या मोजणीतून आकडे निघतात. ‘कम्फर्ट’ हा आकडा प्रमाण स्त्रीसाठी धरलेला असतो, पंचवीस वर्षं वय, १६० सेंटिमीटर उंची, ६० किलो वजन. ‘लिमिट’ प्रमाण पुरुषासाठी, १७३ सेंटिमीटर, ७३ किलो, आणि तोही अंगाची जुडी करून झोपलेला. तिसरा ‘एक्स्ट्रीम’, म्हणजे काही तास जिवंत राहाल एवढाच हवाला. दुकानात मोठ्या अक्षरात कुठला आकडा छापायचा हे विकणाऱ्याच्या हातात. घेणाऱ्याने ‘कम्फर्ट’ शोधावा आणि बाकीचे दोन विसरावेत. जिथे मानकाचं नावच छापलेलं नाही तिथे अंशावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

ज्या पुतळ्यावर ही मोजणी होते त्याच्या खाली मॅट असते. मॅटशिवाय तो आकडा तुमच्या कामाचा नाही. लेबलावरची ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट विकत घेणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.

आता रोह्याची थंडी. समुद्रसपाटीपासून फार वर नसलेल्या या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीतही पहाट बहुधा पंधरा ते अठरा अंशांच्या आसपास असते, लाट आली तर त्याहून दोन-चार अंश खाली. (रोह्यापासून लांब नसलेल्या भिऱ्यात २०१७ च्या मार्चअखेरीस पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली होती. इकडच्या माणसाला उकाड्याचं पांघरूण कुणी शोधून दिलं तर तो जास्त दुवा देईल.) उंची वाढते तसं तापमान हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. अवचितगड जेमतेम ३०० मीटरचा, म्हणजे फरक दोन अंशांचा. कळसूबाई १६४६ मीटर, तिथे दहा अंशांचा फरक पडतो आणि वर वारा असतो. हिमालयातला बर्फातला मुक्काम हा तर वेगळाच व्यवहार. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या गिर्यारोहकांनी २०१२ साली एव्हरेस्ट गाठलं तेव्हा लागलेली पिसांची बॅग आणि अवचितगडाच्या पायथ्याची रात्र यांच्यात साम्य एवढंच, की दोन्हीकडे माणूस आडवा होतो.

म्हणून कोकणातल्या मुक्कामाला स्लीपिंग बॅग लागतेच असं नाही. एखादी पातळ फ्लीसची चादर, किंवा रेशमाची नाहीतर सुती शिवलेली पिशवी पुरते. ट्रेकवाले हिला लायनर म्हणतात. रेशमी लायनर दीडशे ग्रॅमच्या आत बसतो आणि मुठीत मावतो. सुती त्याच्या दुप्पट-तिप्पट. जुन्या धोतराची दोन टोकं जोडून शिवून घेतली तरी चालतं आणि पनवेलच्या बाजारात शिंपी ते तासाभरात करून देतो. सोलापुरी चादर प्रेमाची वस्तू असली तरी किलोच्या घरात जाते आणि दवाने भिजली की दुपारपर्यंत वाळत नाही. तिने घरीच राहावं.

जमिनीचं मात्र तसं नाही. जमीन हिवाळ्यात असो वा उन्हाळ्यात, दगडाची असो वा सारवलेली, ती रात्रभर अंगातली ऊब पीत राहते. गोधडीत, बॅगेत किंवा चादरीत जी ऊब असते ती कापसाची किंवा पिसाची नसते, त्यांच्यात अडकलेल्या हवेची असते. माणूस त्यावर पडला की पाठीखालची हवा दाबली जाते, भराव चेंगरतो आणि उरतं फक्त कापड. अंगाखालची पाऊण किलो स्लीपिंग बॅग अशी रात्रभर बिनकामाची पडून राहते.

हे सगळं कळल्यावर मॅटकडे आदराने बघावं लागतं. भारतात सगळ्यात स्वस्त मिळते ती गुंडाळायची फोमची कॅरीमॅट, सहा फूट लांब, दोन फूट रुंद, सहा ते दहा मिलिमीटर जाड, दोनशे ते चारशे ग्रॅम. ती पॉलिथिन फोमची असते. त्यातले बुडबुडे बंद असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही आणि हवा बाहेर जात नाही. टीव्हीच्या खोक्यात, काचेच्या वस्तूंभोवती, परदेशी जाणाऱ्या छोट्या मूर्तींच्या भोवती जो पांढरा फोम येतो, ती याचीच भावकी. जोह्यातल्या पोराला कॅरीमॅट घ्यायला दुकानात जायचीही गरज नाही. जाड पॅकिंग शीटचा सहा फुटी तुकडा मिळाला की झालं.

थोरला धाकट्याची मॅट जमिनीवर पसरतो, त्याला तिच्यावर आडवा करतो आणि मार्करने दोन खुणा करतो, एक खांद्यापाशी, एक कंबरेच्या खाली. कटरच्या पात्याने बाकीचं कापून टाकतो. पायाखाली रिकामी सॅक येईल, डोक्याखाली कपड्यांची पिशवी. मॅट साडेतीन फुटांवर आली. वजन कमी झालं, पण खरा फायदा आकाराचा. पूर्ण मॅटची ती लांब नळी सॅकला आडवी बांधली की लोकलच्या दारात अडकते आणि करवंदीच्या जाळीत तर हमखास. कापलेली मॅट सॅकच्या आत कडेने गोल बसवता येते आणि तिच्या पोटात बाकीचं सामान भरता येतं. उरलेला तुकडा फेकायचा नाही. तो बसायला होतो, ओल्या दगडावर, सकाळच्या चहाला.

मॅटची ऊब मोजायलाही आकडा आहे, आर-व्हॅल्यू. जितका आकडा जास्त तितकी जमिनीची थंडी कमी. २०१८ साली अमेरिकेत एएसटीएम एफ३३४० हे मानक आलं आणि तेव्हापासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅटची तुलना करता येऊ लागली. पातळ फोमची मॅट एकच्या आसपास, खाचांची घडी होणारी जाड मॅट दोनच्या आसपास, फुगवायच्या चांगल्या मॅट तीन-चारच्या पुढे. बर्फावर चार-पाचच्या खाली जाऊ नये. आणि एक सोय अशी की दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची चक्क बेरीज होते. कारखान्यातल्या पुठ्ठ्याचं आणि फोमचं गणित तेच.

आपोआप फुगणारी मॅट अमेरिकेतल्या सिएटलची. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग कंपनीतून नोकरी गेलेले दोन इंजिनिअर आणि त्यांचा एक गिर्यारोहक मित्र यांनी ती काढली. बागेत गुडघे टेकायला घेतलेली फोमची उशी दाबली की हवा बाहेर जाते आणि उठलं की परत आत येते, एवढ्या निरीक्षणावर थर्मारेस्ट उभी राहिली. हवेची मॅट पाठीला सुखाची खरी. कुशीवर झोपणाऱ्याचं कंबरेचं हाड पातळ फोममधून जमिनीला टेकतं, त्याच्यासाठी तर ती औषधच. पण आपल्याकडे तिचे दोन वैरी आहेत, करवंद आणि बोर. रात्री दोन वाजता हळूहळू बसत जाणारी मॅट ज्याने अनुभवली आहे तो दुरुस्तीचा पॅच विसरत नाही. हवेची मॅट घ्यायची तर खाली पातळ फोम टाकावा. मग वजनाची बचत कुठे राहिली, हा प्रश्न रास्त आहे.

या मुलखात अंथरुणाचा सगळ्यात जुना नमुना मात्र बिनवजनाचा आहे, निदान वाहणाऱ्याच्या दृष्टीने. रोह्याच्या दक्षिणेला, तळा गावाच्या पुढे मांदाडच्या खाडीवर कुडा लेणी आहेत. सव्वीस लेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला सुरुवात झालेली. भिक्षूंच्या छोट्या खोल्यांत भिंतीच्या कडेला कातळातच ओटा सोडलेला आहे. हाच पलंग. दान देणाऱ्यांनी लेख कोरून ठेवले आहेत, त्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. त्या ओट्यावर हात ठेवला तर भर दुपारीही गार लागतो. त्यावर काही तरी अंथरल्याशिवाय तिथे कुणी झोपलं असेल असं वाटत नाही.

आता थोरल्याच्या गोधडीबद्दल. तिची बाजू मांडणारे आज सातासमुद्रापलीकडे आहेत. रे जार्डिन नावाच्या अमेरिकन गिर्यारोहकाने नव्वदच्या दशकात पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालण्यावर पुस्तक लिहिलं आणि सांगितलं, की स्लीपिंग बॅगेचा पाठीखालचा भाग फुकट जातो, तो कापून टाका, चेन काढून टाका आणि उरलेलं पांघरूण म्हणून वापरा. याला तिकडे क्विल्ट म्हणतात आणि हलक्या सामानाच्या पंथात आज तिला मोठा मान आहे. आपल्याकडे आजी जे करत आली ते हेच. अंगाखाली चटई, अंगावर वाकळ, उकडलं तर एक पाय बाहेर. जार्डिनच्याही आधी, १९५५ साली, एमा गेटवुड नावाची सदुसष्ट वर्षांची अमेरिकन आजी तीन हजार किलोमीटरहून लांब ॲपलाचियन ट्रेल एकटीने एका हंगामात चालून गेली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी, त्यात एक लष्करी ब्लँकेट आणि न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. ना तंबू, ना स्लीपिंग बॅग.

या गोष्टी ऐकून गोधडीचा अभिमान वाटायला हरकत नाही, पण अडीच किलो ते अडीच किलोच. जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर, त्यावर हातभर धावदोरा. तिची ऊब आहे तितकाच तिचा भार आहे. भिजली तर दोन दिवस दोरीवरून उतरत नाही. गोधडीचं तत्त्व घ्यावं आणि गोधडी घरी ठेवावी. थोरल्याला हे पटायला वेळ लागेल. आजी तर म्हणणार, “असूं दे रे, पाठीवर मावते की.”

घोंगडीची गोष्ट थोडी वेगळी. दख्खनी मेंढीची लोकर, सांगरांचा खड्ड्यातला माग, ताण्याला चिंचोक्याची खळ. धनगर चार-चार महिने रानात फिरतो तेव्हा त्याचं अंथरूण, पांघरूण, पावसातली खोळ आणि बसायचं आसन सगळं तेच. एकाच वस्तूने चार कामं करणं म्हणजे हलकं सामान, याहून सोपी व्याख्या कुणाला सुचली नसेल. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते, हे कापसाला जमत नाही. पण दीड-दोन किलोंचं ओझं आणि टोचणारं पोत शहरात वाढलेल्या पाठीला मानवत नाही. घोंगडीवर साप-विंचू चढत नाही ही समजूतही जुनी आहे. त्या समजुतीवर रात्र काढू नये.

वारीचा हिशेब आणखी निराळा आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळजवळ तीन आठवडे, तेही ज्येष्ठ-आषाढात. वारकऱ्याची वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये असते आणि खांद्यावर झोळी. चालताना सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो प्लास्टिकचा कागद. पावसात डोक्यावर, मुक्कामाला अंगाखाली. ट्रक सोबत नसेल त्यानेही हा कागद घ्यावा. दोन मीटर लांबीचा जाड पॉलिथिनचा तुकडा दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, मॅटच्या खाली पडतो आणि जमिनीची ओल वर येऊ देत नाही. कारखान्यात ओली मूर्ती आणि रंगवलेली मूर्ती झाकायला हाच कागद असतो.

इथवर थंडीची आणि ओलीची गोष्ट झाली. कोकणात जमिनीवर झोपणाऱ्याचा जीव थंडीने जात नाही, विंचू-सापाने जातो. परदेशी सामानाच्या जाहिराती इथे कामाच्या राहत नाहीत, आणि इथला खरा जाणकार एक डॉक्टर आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत, त्यात मुलं जास्त. विष हृदयावर कसं चढतं हे त्यांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदलं. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं लिखाण आलं आणि पुढे रक्तदाबावर दिलं जाणारं प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर एक टक्क्यापर्यंत खाली आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं याच जिल्ह्यात घडलं. रायगडात बिछाना निवडणाऱ्याने निदान एवढं तरी ध्यानात ठेवावं, की इथल्या दगडाखाली, वाळक्या लाकडात, वाड्याच्या ढासळलेल्या भिंतीत विंचू असतो.

मण्यार त्याहून वाईट, कारण ती कळत नाही. ती रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाला फारशी कळ नाही, सूज नाही, दातांच्या खुणा शोधाव्या लागतात. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, मग श्वास अडतो. अशा माणसाला मंत्रवाल्याकडे न्यायचं नाही. प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. हाच सगळा शहाणपणा.

यावर उपाय आहे आणि तो हलका आहे, मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश लक्षणीयरीत्या कमी झाल्याचं आढळलं. डासांसाठी लावलेली जाळी सापालाही अडवते, फक्त ती अंगाखाली नीट खोचलेली हवी. ट्रेकसाठी खाली कापडाचा तळ शिवलेली जाळी मिळते, एकट्यापुरती तीन-चारशे ग्रॅमची. काठीला किंवा झाडाला दोरी बांधून ती उभी करता येते. मुंग्या, गोम या सगळ्यांचा बंदोबस्त त्याच एका कापडाने होतो. उरलेला भात बिछान्याजवळ ठेवायचा नाही, कारण भाताला उंदीर येतो आणि उंदरामागे कोण येतं हे सांगायला नको. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही.

मग तंबू का नको? दोघांचा साधा तंबू अडीच-तीन किलोंचा असतो. तो एकाने घ्यायचा, दुसऱ्याने स्वयंपाकाचं सामान, असं वाटून घेतलं तरी चालणाऱ्याच्या गुडघ्यांना कळतं. बंद तंबूत दोन माणसांच्या श्वासाचं पाणी रात्रभर कापडावर जमत राहतं आणि पहाटे थेंब-थेंब चेहऱ्यावर पडतं. कोकणातल्या दमट हवेत तर जास्तच. आणि सह्याद्रीत डोक्यावर छत बहुधा मिळतं. सुधागडावर पंतसचिवांचा वाडा आहे, भोराई देवीचं देऊळ आहे, कितीतरी ट्रेकर तिथे राहिले आहेत. नेरळजवळच्या पेबला गुहा, राजगडाला पद्मावतीचं देऊळ. अवचितगडाच्या माथ्यावर मात्र आसरा शोधण्यापेक्षा पायथ्याच्या मेढे, पडम किंवा पिंगळसई गावात उतरावं, गावात विचारून देवळाची ओवरी मिळाली तर उत्तम, आणि पहाटे गड चढावा. कर्नाळ्याला अभयारण्य आहे, तिथे मुक्कामाचा विचारच करू नये. कुठल्या गडावर राहायची परवानगी आहे आणि कुठे नाही हे बदलत असतं, म्हणून निघण्याआधी वनखात्याला आणि गावाला विचारलेलं बरं. गावातल्या सारवलेल्या ओटीवर झोपायला मिळालं तर सकाळी ओटी झाडून निघायचं, हे सांगावं लागू नये.

थोडं पिसांबद्दल, कारण शहरातल्या दुकानांत हल्ली त्यांचीच चलती आहे. बदकाची किंवा हंसाची पिसं वजनाला सगळ्यात हलकी. त्यांची प्रत फिल पॉवरने मोजतात, म्हणजे एक औंस पिसं फुगून किती घन इंच जागा व्यापतात. सहाशे बरी, आठशे उत्तम. ओली झाली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब संपते. कोकणात ओल आभाळातून, जमिनीतून आणि हवेतून, तिन्हीकडून येते. जुलैत पेणच्या घरात कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, तिथे पिसांच्या बॅगेचं काय होईल? ज्याला हिमालयात जायचं आहे त्याने जरूर घ्यावी, पण घरी ती दाबून पिशवीत ठेवू नये. उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल भरावी आणि पावसाळ्यात वरच्या खणात ठेवावी. वर्षातून एकदाच जायचं असेल तर भाड्याने मिळते, तीच घ्यावी आणि आतून लायनर आपला वापरावा. दुसऱ्याच्या घामाशी तेवढंच अंतर.

रात्री थंडी वाजलीच तर आणखी एक पांघरूण हा शेवटचा उपाय. त्याच्या आधी कोरडे मोजे, कानटोपी आणि झोपण्यापूर्वी पोटात काही तरी. पहाटे चारच्या सुमारास अंग आतून सगळ्यात थंड असतं आणि हवाही गारठत चाललेली असते, दोन्ही वेळा जुळून येतात. घामाने ओला झालेला टी-शर्ट अंगावर ठेवून झोपणाऱ्याला कुठलीही बॅग वाचवत नाही. एक सुका जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवायचा आणि दिवसा त्याला हात लावायचा नाही. गरम पाणी भरलेली स्टीलची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली तर मध्यरात्रीपर्यंत पुरते, आणि सकाळी तेच पाणी चहाला.

उशीचा इतिहास जरा गमतीचा आहे. वेल्समधल्या न्यूटाऊनच्या प्राइस जोन्सने १८७६ मध्ये ‘युक्लिसिया रग’ नावाचं गुंडाळून घ्यायचं लोकरी पांघरूण पेटंट केलं, आजच्या स्लीपिंग बॅगेचं पूर्वरूप. त्यात हवा भरायची रबरी उशी जोडलेली होती. रशियन सैन्याने त्यांच्याकडे साठ हजार पांघरुणांची मागणी नोंदवली. पत्रव्यवहाराने माल विकणाऱ्या पहिल्या मोठ्या दुकानांपैकी एक त्यांचं. घरी बसून अंथरूण मागवायची सवय तेव्हापासूनची.

जोह्यातल्या लोकांना वजनाचा हा सगळा जुगार नवा नाही. शाडूची मूर्ती जड आणि पडली तर संपली. पीओपीची आतून पोकळ, काथ्याने बांधलेली, हलकी, लांबच्या प्रवासाला सोपी. पीओपीने काय मिळालं आणि त्याबदल्यात पाण्याला काय भोगावं लागलं हा वाद अजून कोर्टापर्यंत चालतो. हलकं म्हणजे चांगलंच, असं इथे कुणी म्हणत नाही. हलक्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते हे त्यांना ठाऊक आहे.

अखेर दोघांच्या सॅका अशा भरल्या. प्लास्टिकचा कागद एकच, दोघांत. कापलेल्या दोन मॅट. दोन जाळ्या. धाकट्याची १८०० ग्रॅमची बॅग कारखान्यातच राहिली, तिच्या जागी फ्लीसची चादर आणि सुती लायनर. थोरल्याने गोधडी परत मांडणीवर ठेवली आणि आजीचा डोळा चुकवून तिच्या जागी जुनं लोकरी कांबळं घेतलं, किलोभराचं. अंथरूण-पांघरुणाचा सगळा बेत माणशी सव्वा ते दोन किलोत बसला. वजन केल्यावर धाकटा थोडा हिरमुसला, कारण बॅगेचा फोटो काढायचा राहिला.

हमरापूरच्या फलाटावर गाडीला वेळ होता. थोरल्याने कापलेल्या मॅटचा उरलेला तुकडा बाकड्यावर टाकला, त्यावर बसला आणि बूट काढून झटकले.

“आत्ताच कशाला, दादा? रोहा लांब आहे.”

“सवय नको?”